मळ म्हणजे तू नव्हेस

प्रिय बाळ,

जय भीम.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडले आहे. रात्रपाळी, खोलीतल्या पोरांचे मोबाईल, सुपरवायझरची भाषा, आजीचं सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणं, या सगळ्याला उत्तरं सापडतील. पण तू लिहिलंस, ‘बाई, डोळे मिटले की आतून नुसती घाण वर येते. माझा स्वभावच असा आहे. ध्यान माझ्यासारख्यासाठी नसावं.’ हे वाक्य आधी खोड. शाळेत तुझ्या वहीतली चुकीची ओळ मी लाल शाईनं खोडायचे, तसं खोड. त्याशिवाय पुढचं वाचू नकोस.

मळ आहे. तो मी नाकारत नाही. पण मळ म्हणजे तू नव्हेस.

अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात तथागतांचं, म्हणजे बुद्धांचं, वचन आहे. हे चित्त प्रभास्वर, म्हणजे तेजस्वी आहे, बाहेरून आलेल्या क्लेशांनी ते मळतं. आणि त्याच्या पुढंच ते सांगतात की ज्यानं धम्म ऐकलेला नाही त्या माणसाला हे ठाऊक नसतं, म्हणून त्याच्या हातून चित्ताची भावना, म्हणजे मनाची मशागत, होत नाही. हे पुढचं वाक्य लोक वगळतात. मला तेच महत्त्वाचं वाटतं. आधी कधीतरी मन शुद्ध होईल आणि मग आपल्याला स्वतःवर भरवसा ठेवता येईल, असा क्रम नाहीच. भरवसा अगोदर लागतो. मुळात आपण मळके आहोत अशी ज्याची खात्री पटलेली असते तो रोज ध्यानाला बसूच शकत नाही, कारण बसून उपयोग काय असं त्याला वाटतं. तुझं तेच झालंय. ध्यानशिबिराहून आल्यावर तुझं बसणं बंद पडलं त्याचं कारण शिफ्ट नाही, हे वाक्य आहे.

तू म्हणशील, मग हा आत्माच झाला की, आणि बाबासाहेबांनी तर आत्मा नाकारला. बरोबर आहे, मीही नाकारते. आत कुठं कायमचा दिवा लावून ठेवलाय असं मी म्हणत नाही. राग येतो, राहतो, जातो. लाज येते, राहते, जाते. जे येतं आणि जातं त्याला ‘मी’ म्हणू नकोस, एवढंच सांगते. आणि येणं-जाणं बघायची जी ताकद तुझ्यात आहे, ती कुणी दिलेली नाही आणि कुणाला काढून घेता येणार नाही. तिच्यावर विसंब.

आता मी एवढी चिडून का लिहितेय ते ऐक. ‘तुमच्या आतच घाण आहे’ हे वाक्य आपल्या लोकांना शेकडो वर्षं ऐकवलं गेलं. आपली सावली, आपलं भांडं, आपला स्पर्श, सगळं विटाळलेलं. 1927 साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आपली माणसं प्यायली, तर नंतर 108 घागरी पंचगव्य ओतून तळ्याचं शुद्धीकरण करून घेतलं गेलं. म्हणजे जनावरं ज्या पाण्यात उतरत होती ते पाणी माणसाच्या ओंजळीनं बाटलं! त्याच्या दोन वर्षं आधी, 1925 च्या एप्रिलात, बाबासाहेब आपल्या निपाणीत बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. ज्या गावात तू एसटीतून उतरतोस त्या गावात. हा विटाळ खोटा आहे, हे सांगण्यात त्या माणसानं आयुष्य घातलं, आणि आज त्यांचा पणतू शोभणारा पोरगा डोळे मिटून स्वतःच्याच तोंडानं तेच जुनं वाक्य म्हणतो? मळ म्हणजे तू नव्हेस. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. आपल्या धम्मदीक्षेचा पायाच हा आहे.

माझ्या भावाबद्दल तुला कधी सांगितलं नाही. माझ्याहून हुशार. गणित तोंडी सोडवायचा. शाळेत त्याला वेगळं बसवायचे, पाण्याच्या घागरीपाशी जाऊ द्यायचे नाहीत. ते संपलं, कायदा आला, नोकरी लागली, पण ते बसवणं त्याच्या आत तसंच राहिलं. कुणी साधं बोललं तरी त्याला वाटायचं आपल्यातच काहीतरी खोट आहे. पुढं दारू. त्याला पंचशील पाठ होतं, नशा न करण्याचं पाचवं शील तर तो पोरांना समजावून सांगायचा. पण शील पाळायला स्वतःबद्दल थोडा आदर लागतो, तो त्याच्यापाशी उरला नव्हता. त्याच्याजवळ बसून ‘दादा, ही खोट तुझी नव्हे’ असं सांगणारं त्या वेळी घरात कुणी नव्हतं. मलाही तेव्हा हे ठाऊक नव्हतं. ही खंत माझ्याबरोबरच जाईल. म्हणून तुझं पत्र वाचल्यावर मला झोप आली नाही, आणि म्हणून मी जरा कठोर बोलतेय.

चुल्लपंथकाची गोष्ट तुला चौथीत सांगितली होती, आठवत नसेल. राजगृहातली गोष्ट. चार महिने घोकून त्याला एक गाथा पाठ होईना. सख्खा थोरला भाऊ भिक्खू, महापंथक, तोच म्हणाला, तुझ्यानं होणार नाही, विहार सोड. हा रडत निघाला. तथागतांनी त्याच्या हातात एक स्वच्छ फडकं दिलं आणि सांगितलं, हे चोळत बस, ‘रजोहरणं, रजोहरणं’ म्हणजे ‘मळ काढणारं’ असं म्हणत राहा. हाताच्या घामानं फडकं मळत गेलं आणि त्याला अनित्यता दिसली. लोक या गोष्टीतून मंदबुद्धीचाही उद्धार होतो असं काढतात. मला त्यात फडकं दिसतं. ते दिलं तेव्हा स्वच्छ होतं. मळ हाताचा होता, दिवसाचा होता, उन्हाचा होता. आणि आणखी एक बघ, जवळच्या माणसानं ‘तुझ्यानं होणार नाही’ म्हटलं होतं, तरी तो बसला. कुणाचं प्रमाणपत्र घेऊन बसला नाही.

तुझ्या वस्तीतले ते ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले ना, ध्यान हे पोट भरलेल्यांचं काम, आपलं काम रस्त्यावर. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी लाठ्या खाल्ल्यात. पण दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा त्यांनाही पाठ आहेत. त्यात अष्टांगिक मार्गाचा अवलंब करीन अशी प्रतिज्ञा आहे. त्या आठातली शेवटची दोन अंगं कोणती? सम्यक स्मृती, सम्यक समाधी. ती दोन गाळून सहा अंगांचा मार्ग बाबासाहेबांनी दिलेला नाही. आणि ‘अत्त दीप भव’ आपण प्रत्येक फ्लेक्सवर छापतो. बेलुवगाम या गावात, शेवटच्या वर्षावासात म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, मोठ्या आजारातून उठल्यावर तथागत आपल्या शिष्याला, आनंदाला, म्हणाले, स्वतःच स्वतःचा दीप व्हा, दुसऱ्या कुणाला शरण जाऊ नका, धम्माला शरण जा. आणि ते कसं करायचं हेही तिथंच सांगितलं: काया, वेदना, चित्त आणि धम्म यांच्याकडं सजगपणे बघत राहायचं. म्हणजे रोज बसायचं. छापायचं तेवढं वरचं वाक्य आणि खालची रीत सोडून द्यायची, हे मला कधी पटलं नाही.

होय, मी बैठकांना जायचं कमी केलं. लोक म्हणाले, बाई थकल्या, बाई डोळे मिटून बसायला लागल्या. आणखीही म्हणाले. रविवारच्या वंदनेला मी कन्नड बोलणाऱ्या बायकांना बोलावते, त्यांच्यासाठी त्रिशरण-पंचशील कन्नड लिपीत लिहून देते, त्यावरूनही ऐकून घेतलं. सीमाभागात राहून हे करता? मी मराठी शाळेत आयुष्य काढलंय, मराठीचं दुखणं मला कुणी शिकवू नये. पण जरा तारखा बघ. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली. अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, आपला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आपल्या आईबापांनी धम्म घेतला तो या दोन्हींच्या मध्ये सापडलेल्या भागात. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि वंदना पालीत, जी दोघांनाही सारखीच परकी आणि सारखीच आपली. विडी कारखान्यात माझ्या आईच्या शेजारी बसणाऱ्या बाईला मराठी येत नव्हतं. मांडीवर सूप घेऊन दोघी विड्या वळायच्या आणि ‘बुद्धं सरणं गच्छामि’ एका सुरात म्हणायच्या. मी चळवळ सोडलेली नाही. त्या दोघींनी जे केलं ते मी करतेय. ज्यांना ते कमी वाटतं त्यांना वाटू दे, त्याची फिकीर मी केव्हाच सोडली.

आता कामाचं बोलू.

शिबिरात तुला सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसायला सांगितलं. सांगणं चांगलंच आहे. पण उद्यमबागेतल्या कारखान्यात आठवड्याला पाळी बदलणाऱ्या पोराला ते जमत नाही, आणि जमत नाही म्हणून तू एकदम शून्यावर आलास. हा हट्ट सोड. वीस मिनिटं बस. घड्याळाची वेळ धरू नकोस, कामाची धर: पाळी संपली, खोलीवर आलास, अंगावरचं मशीनचं कूलंट धुतलंस, की मोबाईल हातात घ्यायच्या आधी. पाळी पहाटे सुटो की रात्री, हा क्रम बदलत नाही. नमो तस्स म्हण, त्रिशरण-पंचशील म्हण. शील तुझ्यावर कुणी लादत नाही, तू स्वतः घेतोस, रोज नव्यानं घेतोस, हे म्हणताना ध्यानात ठेव. मग श्वास. नाकपुडीपाशी येतो-जातो तेवढाच बघ.

रात्रपाळीनंतर झोप येणार. तथागतांचा थोर शिष्य मोग्गलान, त्याच्यासारख्या माणसाला आली होती. तथागतांनी त्याला काय सांगितलं माहीत आहे? कान ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार, चंक्रमण कर, म्हणजे सजगपणे येरझाऱ्या घाल, आणि एवढ्यानंही नाही गेली तर सरळ उजव्या कुशीवर झोप. झोपलास म्हणून काही बिघडत नाही. न बसल्यानं बिघडतं.

आणि राग. सुपरवायझर आईवरून बोलतो, ते सगळं बसल्यावर उकळून वर येतं. येऊ दे. सजगतेवरच्या सतिपट्ठान सुत्तात स्पष्ट सांगितलंय, चित्तात द्वेष असेल तर ‘द्वेष असलेलं चित्त आहे’ हे जाणायचं. दाबायचं नाही, सजवायचं नाही. ज्या क्षणी तू ‘राग आहे’ असं जाणलंस त्या क्षणी तुझं ध्यान चुकत नव्हतं, तेच ध्यान होतं. तू त्याला घाण समजून उठून गेलास. तिथंच मळ म्हणजे मी असं तू मान्य केलंस. पुन्हा सांगते, नव्हे.

याचा अर्थ सोसायचं असा मात्र काढू नकोस. बसून उठलास की त्या माणसाविरुद्ध लेखी तक्रार दे, दोन साक्षीदार घेऊन. मला मसुदा पाठव, मी शुद्धलेखन बघते. शांत मनानं लिहिलेली तक्रार जास्त टोचते, हे मला नोकरीत कळलं.

आजीचं सोड. तू यल्लम्माला जाऊ नकोस, तिला अडवू नकोस. तिच्या वयात तिला वाद नको, तुझं वागणं दिसू दे.

‘आधी खरा गुरू शोधू का?’ असं शेवटी विचारलंस. पुस्तकं घे, शिबिराला पुन्हा जा, भंतेजी आले तर प्रश्न विचार. पण आज बसायचं की नाही हे कुणालाही विचारू नकोस, मलाही नाही. केसपुत्त गावच्या कालाम लोकांना तथागतांनी सांगितलं, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः जाणाल तेव्हा धरा. ते सूत्र सांगत आपली पोरं सगळ्या गोष्टींवर शंका घेत फिरतात. ‘स्वतः जाणाल’ त्याचं काय? जाणायला रोज बसावं लागतं.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन असतं. आमच्याकडं मराठी वाचणारे आहेत, पण त्याचा अर्थ कन्नडमध्ये नीट सांगणारं कुणी नाही, आणि तुझं कन्नड कारखान्यामुळं चांगलं झालंय. सकाळपाळी असेल त्या आठवड्यात तू यायचंस. नाही म्हणू नकोस, मी बायकांना सांगून ठेवलंय. पाळ्यांचा तक्ता पाठव म्हणजे दिवस ठरवते.

तुझी,
बाई