वास ‘येतो’, ठसका ‘लागतो’

प्रश्न असा आला आहे : कोविडमध्ये गेलेला वास अजून परतलेला नाही. उदबत्ती कळत नाही, पण मिरचीची फोडणी पडली की नाक झोंबतं. मग फोडणीचा ‘वास येतो’ म्हणायचं का? की या जाणिवेला मराठीत वेगळा शब्द आहे?

एक नाही, मुबलक आहेत : खाट, खकाणा, झणका, ठसका. मिरच्या भाजताना खाट उठतो, फेसलेली मोहरी नाकात चढते. पण मला या शब्दांहून त्यांची क्रियापदं मोलाची वाटतात. वास येतो, सुटतो, दरवळतो. ठसका मात्र लागतो, झणका बसतो, मिरची झोंबते. ठेच लागते, चटका बसतो, जखमेला मीठ झोंबतं, त्याच पंगतीतली ही क्रियापदं. झिणझिण्यासुद्धा पायाला येतात तशाच नाकालाही. बोलीनं ही जाणीव स्पर्श आणि वेदनेच्या घरात ठेवली आहे आणि शरीरशास्त्रही तेच सांगतं.

मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, १२ जोड्यांपैकी पहिली वासाची. झोंबणं कळवते ती पाचवी. चेहऱ्याचा स्पर्श, ऊन-गार, वेदना हे सगळं तिच्याकडे. सोडा प्यायल्यावर ढेकर नाकातून आला की डोळ्यांत पाणी येतं ना? त्यातल्या कार्बन डायऑक्साइडला वास मुळीच नसतो, ते काम पाचवीचं. म्हणूनच नाकाचं झोंबणं मोजताना संशोधक हाच वायू वापरतात. निव्वळ वास कोणत्या नाकपुडीत शिरला हे माणसाला सहसा ओळखता येत नाही. झणका कुठे बसला हे मात्र येतं.

तरी या दोन वाटा अगदीच फटकून नाहीत. वास गेलेल्यांमध्ये झोंबण्याची जाणीवही बरेचदा थोडी बोथट झालेली आढळते. त्यामुळे फोडणी पूर्वीइतकी झोंबत नसेल तर नवल नाही.

डॉक्टरांना ‘थोडा वास येतो’ असं सांगू नका. ‘वास येत नाही, झणका कळतो’ असंच सांगा, निदानाला या फरकाचा उपयोग होतो. आणखी एक, स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात, ते ओळखायचं ते वासावरूनच. फोडणी कळते म्हणून गळतीही कळेल असं धरून चालू नका; घरात गॅस डिटेक्टर बसवून घ्या.