थंडरबर्ड काढलं, परत टाकलं, तरी दुखणं तेच!

प्रश्न : दादा, राम राम. नंदुरबारला आमचा मिरचीचा व्यापार आहे. ऑफिसात जुना कॉम्प्युटर, विंडोज ७ वाला, त्यात थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम, सगळ्या पार्ट्यांचे मेल तिथंच. मध्ये एकदा काम चालू असताना लाईट गेली तेव्हापासून इनबॉक्स उघडला की नुसतं गोल फिरतं, कधी तर रिकामाच दिसतो. भाच्याने कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल केलं, परत टाकलं, तर खातं, पासवर्ड सगळं आपोआप हजर आणि दुखणंपण तेच! मुनीमजी सारखे विचारताय, "बठ्ठं गयं का आते?" हे मुळापासून कसं काढायचं? भाचा म्हणतो फॉर्मॅटच मारू.
– एक व्यापारी, नंदुरबार

उत्तर : शेठ, आधी भाच्याला थांबवा. फॉर्मॅट मारला तर मुनीमजींची भीती खरी होईल.

अनइन्स्टॉल केल्यावर फक्त प्रोग्राम जातो. तुमचे मेल, पत्ते, पासवर्ड, सेटिंग हे सगळं प्रोफाइल नावाच्या वेगळ्या फोल्डरमधे असतं आणि त्याला अनइन्स्टॉल हात लावत नाही, मुद्दामच लावत नाही, नाहीतर किती लोकांचे मेल गेले असते. म्हणजे भाच्याने दुकानाची पाटी उतरवून परत लावली, गोदाम होतं तसंच राहिलं. बिघाड गोदामात आहे.

पहिलं काम, खातं पॉप आहे का आयमॅप ते बघा. मेल आणायच्या या दोन पद्धती, पॉप मेल सर्व्हरवरून म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरून तुमच्याकडे उतरवून घेतं, आयमॅप ते तिथंच ठेवून तुम्हाला दाखवतं. अकाउंट सेटिंगमधे सर्व्हर सेटिंगला सर्व्हर टाइप लिहिलेला असतो. आयमॅप असेल (पोर्ट बहुतेक ९९३) तर मेल सर्व्हरवरही आहेत, निम्मी काळजी मिटली. पॉप असेल (९९५ किंवा ११०) तर मेल सर्व्हरवर ठेवायची खूण केलेली आहे का तेही बघा, नसेल तर तुमच्या सगळ्या व्यवहाराची एकमेव प्रत त्याच जुन्या हार्ड डिस्कवर आहे असं समजा. जुन्या ऑफिसांमधे पॉपच जास्त सापडतं.

दुसरं, कॉपी. थंडरबर्ड पूर्ण बंद करा, विंडोजचं बटण आणि आर दाबा, चौकट येईल त्यात परसेंटचं चिन्ह, लगेच इंग्रजीत अ‍ॅपडेटा, परत परसेंटचं चिन्ह, मधे जागा सोडायची नाही, आणि एंटर. तिथं थंडरबर्ड नावाचं फोल्डर दिसेल, ते अख्खं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. पेन ड्राइव्हवर करणार असाल तर तो फॅट३२ आहे का बघा, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही, आणि थंडरबर्ड इनबॉक्सचे सगळे मेल एकाच फाइलमधे ठेवतं, वर्षानुवर्षं साचलं की ती सहज तेवढी फुगते. कॉपी झाली म्हणजे झाली असं मानू नका, दोन्हीकडची साइज जुळवा.

आता खरं औषध. लाईट गेल्याने बहुतेक वेळा मेल खराब होत नाहीत, त्यांची अनुक्रमणिका खराब होते. प्रोफाइलच्या आत मेल नावाचं फोल्डर (आयमॅपवाल्यांना आयमॅपमेल), त्यात तुमच्या सर्व्हरचं फोल्डर, आणि त्यात इनबॉक्स नावाच्या दोन फाइली असतात, एकीला शेवटी डॉट एमएसएफ, दुसरीला काहीच शेपूट नाही. बिनशेपटीची म्हणजे मेल, तिला चुकूनही हात लावू नका!! थंडरबर्ड बंद ठेवून डॉट एमएसएफवाली उडवा आणि परत चालू करा, ते स्वतः नवीन यादी बनवतं. इनबॉक्स मोठा असला तर जुन्या मशीनला वेळ लागेल, चहा प्या पण बटणं दाबत बसू नका. माझ्या मते तुमचं काम इथंच होईल आणि काही काढायची गरज पडणार नाही. झालं की फाइल मेनूतून फोल्डर कॉम्पॅक्ट करून टाका, कारण डिलीट केलेले मेल तोपर्यंत त्याच फाइलमधे जागा अडवून बसलेले असतात.

तरी नाहीच झालं तर मग मुळापासून. कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करा, मघाचं थंडरबर्ड फोल्डर डिलीट न करता त्याचं नाव बदला, जुनं वगैरे काहीही. लोकल अ‍ॅपडेटामधेही याच नावाचं एक असतं, त्यात कॅशे म्हणजे तात्पुरत्या फाइली असतात, ते गेलं तरी चालेल. रीस्टार्ट करा. नवीन टाकताना विंडोज ७ ला ११५ ही शेवटची चालणारी आवृत्ती, तीसुद्धा थंडरबर्डच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या भलत्या साइटवरून नको, आणि विंडोज ३२ बिट असेल तर सेटअपही ३२ बिटचाच. उघडल्यावर ते कोऱ्या पाटीसारखं खातं मागेल, म्हणजे समजा खरंच साफ निघालं. आयमॅपचे मेल हळूहळू उतरतील. पॉपवाल्यांनी थंडरबर्ड बंद करून ती बिनशेपटीची इनबॉक्स फाइल दुसरं नाव देऊन नव्या प्रोफाइलच्या लोकल फोल्डर्समधे टाकायची, चालू केलं की डाव्या बाजूला दिसते.

पासवर्ड बरोबर असूनही जीमेल नाही म्हणत असेल तर घाबरू नका. ३० मे २०२२ पासून गुगलने नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद करत आणलं, म्हणून ऑथेंटिकेशनमधे ओऑथ२ (गुगलच्याच पानावर लॉगिन करून परवानगी द्यायची पद्धत) निवडा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरला, आणि थंडरबर्डच्या सेटिंगमधे कुकीज चालू ठेवा.

अँटिव्हायरसला प्रोफाइलचं फोल्डर वगळायला सांगा, एखाद्या मेलमधे व्हायरस दिसला म्हणून काही अँटिव्हायरस अख्खी इनबॉक्स फाइलच उचलून कोंडतात. यूपीएस घ्या, नंदुरबारात राहून ते काय मी सांगायचं. आणि विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यामुळे मेल बघा पण बँकेचे व्यवहार त्या मशीनवर नकोच.

प्रश्न : वडिलांच्या विंडोज एक्सपी मशीनवर आउटलुक एक्सप्रेस हा जुना मेलचा प्रोग्राम आहे, त्यातली जुनी पत्रं वाचवायची आहेत. थंडरबर्ड टाकू का?
– एक वाचक ताई, चाळीसगाव

उत्तर : ताई, टाका, पण एक्सपीला थंडरबर्डची ५२ ही शेवटची मालिका. आधी आउटलुक एक्सप्रेसमधे टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स, स्टोअर फोल्डर असं जा, तिथं लिहिलेल्या जागी डॉट डीबीएक्स फाइली असतात, प्रत्येक फोल्डरची एक, त्या सगळ्या कॉपी करून ठेवा. मग त्याच मशीनवर थंडरबर्डच्या टूल्समधून इम्पोर्ट करा, दुसरीकडे नेऊन नको, कारण इम्पोर्टला आउटलुक एक्सप्रेस तिथं हजर लागतं. नवीन मेल आणायचा नादच करू नका, नेट काढूनच ठेवा. पत्रं आली की वरच्या उत्तरातल्यासारख्या बिनशेपटीच्या फाइली उचलून नव्या लॅपटॉपवरच्या थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समधे टाका, आणि वडिलांना दाखवून सगळी वर्षं आली का ते तपासल्याशिवाय जुनं मशीन भंगारवाल्याला देऊ नका.