ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं नाही हो!

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचं मूळ गाव गुहागरजवळ, आता सगळे पांगलेत, डोंबिवली, पुणे, बडोदा, नागपूर, दोन घरं अमेरिकेत. पुढच्या जानेवारीत गुहागरला व्याडेश्वराच्या देवळात कुलसंमेलन करायचं ठरलंय आणि कळवाकळवीचं काम माझ्या गळ्यात पडलं. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 140 जण झाले, तारीख टाकली तर सहा अंगठे आले आणि बाकी गुड मॉर्निंगचे गुलाब. वर नागपूरचे काका म्हणतात, आम्हाला कुणी विचारलंच नाही! काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अहो, काकांचं बरोबर आहे. ग्रुपवर टाकणं म्हणजे देवळाच्या भिंतीवर नोटीस चिकटवणं, आणि काकांना हवंय ते आमंत्रण. लग्नाला नाही का आपण पत्रिका पाठवली तरी वर फोन करतो, तसंच हे.

140 माणसांना तुम्ही एकट्याने फोन करत बसू नका, वेडे व्हाल. प्रत्येक घराण्यातून एक माणूस धरा, आणि तो हुशार किंवा रिकामा असण्यापेक्षा ज्याच्याशी कुणी भांडलेलं नाही असा धरा (असा एक तरी असतो, बहुतेक एखादी मवाळ काकूच असते). तिने आपल्या पंधरावीस जणांना फोन करायचा, किती येणार, कोण जिना चढू शकत नाही, कुणाला पथ्य आहे, हे वहीत लिहायचं आणि तुम्हाला एकच यादी द्यायची. नागपूरच्या काकांना मात्र तुम्ही स्वतः करा, आज संध्याकाळीच, आणि फोन केल्याकेल्या तारखेचं बोलू नका, आधी गुडघ्यांची चौकशी.

ग्रुप मोडू नका. सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येतील असं करा आणि गुलाबांसाठी दुसरा ग्रुप काढून द्या, लोक खूश राहतात. ब्रॉडकास्ट लिस्टच्या भानगडीत पडू नका, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही आणि तुम्ही समजता पोचला. अमेरिकावाल्यांशी बोलायचं तर आपली रविवार सकाळ आठची वेळ धरा, थंडीत न्यूयॉर्कला तेव्हा शनिवार रात्रीचे साडेनऊ असतात, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे साडेसहा. आणि रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे गाडीने चिपळूणला उतरणाऱ्यांना पक्की तारीख त्याच्या आधी कळायलाच हवी, नाहीतर सगळे ऐन वेळी "तिकीट नाही मिळालं" म्हणायला मोकळे.

ज्यांचा पत्ताच नाही त्यांचं काय? आमच्याकडे दोन घरं अशीच हरवली होती. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत सापडली! तिथले आणि नाशिकचे तीर्थोपाध्याय गाव-आडनावाप्रमाणे वह्या ठेवतात, कोण कधी आलं, बरोबर मुलं कोण, सगळं लिहिलेलं असतं. आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि त्याहून सोपं म्हणजे आत्यांना विचारा, कुणाची बदली कुठे झाली, कुणाची सून कुठली, सगळं त्यांना तोंडपाठ असतं.

प्रश्न: ताई, माझ्या माहेरचं कुलसंमेलन झालं आणि मला ते फेसबुकवरच्या फोटोंवरून कळलं. भावाला विचारलं तर म्हणतो "तुझं आडनाव आता वेगळं ना." मी गप्प बसले, पण फार लागलंय मनाला.
— एक माहेरवाशीण, सांगली

उत्तर: लागणारच. यादी करणारे कुलवृत्तांत (घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक) उघडतात, आणि जुन्या वृत्तांतात मुलीच्या नावापुढे "अमक्यांकडे दिली" एवढं लिहून ओळ संपते, मग तिथे फोन नंबर कुठून येणार? भावाने मुद्दाम केलं नसेल, पण जे बोलला ते चुकीचंच बोलला आणि ते त्याला सांगाच, माहेरच्या ग्रुपवर नको, फोन करून. रागाच्या भरात ग्रुप सोडला असलात तर परत जा. पुढच्या वेळची कळवाकळवी तुम्हीच मागून घ्या, आत्या, आतेबहिणी, पुतण्या, भाच्या सगळ्यांचे नंबर तुमच्याकडेच निघतील बघा. फक्त यादी करताना प्रत्येकीचं नाव आधी लिहा, जावईबापूंचं त्याच्या खालच्या ओळीत.