छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) उस्मानपुऱ्यातलं आमचं जुनं घर मुळात कोणाचं होतं, हे कुठे शोधावं?

नगर भूमापन कार्यालयातून घराची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि तिच्यावरच्या फेरफार नोंदी, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, धरून मागे मागे जा. वसाहत शेतजमिनीवर उठली असेल तर तहसीलमध्ये १९५४ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, मागा. जालन्यातल्या आजोळच्या वाड्याचे जुने मालक मला याच वाटेने सापडले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून जुने कागद बहुधा उर्दूत असतात, काही मोडीत. वाचणारा जाणकार सोबत न्या, अंदाजाने नाव लावू नका. मात्र खासऱ्यात जमीन कोणाकडे होती ते दिसतं, घर कोणी बांधलं ते नाही. त्यासाठी गल्लीतल्या सर्वांत थकलेल्या आजी-आजोबांकडे या आठवड्यातच जा, कागद नंतरही मिळतील.