आधी चेंबर उतरव, मग कार्बोरेटर चढव

प्रश्न: काका, मी सॅक्रामेंटोजवळ राहतो. गेल्या दिवाळीत १९५१ची शेव्हरोले ३१०० पिकअप घेतली. विकणारा म्हणाला, इंजिन मूळचं २१६ (घन इंचांचं) आहे. स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या भागांच्या बाजारात, ऑफेनहाउझर कंपनीचा जुना, दोन कार्बोरेटरचा इनटेक मॅनिफोल्ड मिळाला. फेंटनचे बिडाचे हेडरही (एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड) बघून ठेवलेत. हे सगळं बसवलं तर गाडीला जोर येईल ना? बायको म्हणते, आधी ब्रेक कर.

उत्तर: बायकोचं ऐक. ब्रेक झाले की पुढचं वाच.

विकणारा काय म्हणाला ते सोड, बॉनेट उघड. व्हॉल्व्ह कव्हर वरून मधोमध दोन नटांनी धरलंय की कडेच्या चार स्क्रूंनी? दोन नट असतील तर इंजिन जुन्या पिढीचं. चार स्क्रू आणि बाजूचं पुशरॉड कव्हर आखूड असेल, तर कोणीतरी आधीच १९५४ किंवा त्यानंतरचं २३५ टाकलंय आणि तुझं नशीब थोर. खात्रीसाठी फ्युएल पंपाच्या मागे ब्लॉकवरचा ओतीव नंबर वायर ब्रशने साफ करून वाच.

दोन नट निघाले असं धरून चालू. २१६ हे गरीब स्वभावाचं इंजिन. ९२ हॉर्सपॉवर, सांगाल तितकं काम करणार, पण धावायला लावलं की रडणार. कारण तेलात आहे. याच्या मेन बेअरिंगना पंपाचं तेल मिळतं, कनेक्टिंग रॉडना मात्र नाही. रॉडच्या कॅपला खाली एक छोटी पळी असते. चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या, पन्हळीतलं तेल ती फिरता फिरता उचलते, आणि वेग वाढला की नळीतून एक चिळकांडी तिच्यावर येते. बेअरिंगही आजच्यासारखं बदलायचं शेल नाही, रॉडमध्येच ओतलेलं व्हाइट मेटल, मऊ धातू. त्यामुळे ऑइल गेजवर १५ पौंड दाब दिसला तरी घाबरू नकोस. गेजच ३०पर्यंतचा, १५ म्हणजे तब्येत ठीक.

आता अशा इंजिनाला दुसरा कार्बोरेटर लावलास तर काय होईल? ते मी करून बसलोय. १९८३ साली माझ्या १९५०च्या सेडानला दोन कार्बोरेटर लावले, चेंबर उघडूनही न बघता. फ्लिंटहून सॅगिनॉच्या दिशेने आय-७५वर निघालो. मागचं डिफरन्शियल ४.११चं, म्हणजे ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या आसपास. पिकअप असा काही आला होता की मी गाणं म्हणत होतो. वीसेक मिनिटांत कनेक्टिंग रॉड ठोकायला लागला. मला वाटलं टॅपेट वाजतायत. गाणं मोठ्याने म्हटलं. घरी टो ट्रकमधून आलो. चेंबर खाली घेतलं तर तळाशी व्हाइट मेटलचा चकचकीत चुरा, रांगोळी सांडल्यासारखा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: भाग विकत घेण्याआधी त्या भागांच्या लायकीचं इंजिन घे. १९५४पासूनचं २३५ शोध. रॉडपर्यंत दाबाचं तेल, बदलता येणारी शेल बेअरिंग. ट्रकचं २६१ मिळालं तर त्याहून चांगलं. पण २६१वर २३५चं हेड बसवणार असशील तर हेडला वाफेची भोकं पाडून घ्यायची, ती विसरलास तर हेड तापेल. तुझ्या पिकअपमध्ये २३५ बसतं, मात्र १९५५पासूनच्या इंजिनाचा वॉटर पंप लांब असतो आणि पंखा रेडिएटरला भिडतो. जुना आखूड पंप आणि मधली ॲडॅप्टर प्लेट वापर. पुढचं माउंटिंगही वेगळं असू शकतं, तेव्हा इंजिन उतरवतानाच दोन्ही शेजारी ठेवून बघ. तुझा ऑफेनहाउझर वाया जात नाही, तो २३५वरही चढतो. तोवर २१६ मूळच्या एकाच कार्बोरेटरवर ५० मैलांनी चालव, ते तुला त्रास देणार नाही.

२३५ बसलं की सुरुवात हेडरपासून कर. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर वेगळे केलेस की पुढच्या पाइपात १, ३, २ असे ठोके पडतात, बरोबर २४० अंशांच्या अंतराने. मागच्या पाइपातही तेच. व्ही-एटच्या एका बाजूला असा सरळ ताल मिळत नाही. दोन साधे सायलेन्सर लाव आणि टेकडीवरून गिअरमध्ये उतर. त्या आवाजासाठीच लोक या नादाला लागतात, हॉर्सपॉवरचं बोलणं चारचौघांत सांगायला.

बसवताना लोक फसतात ते फ्लँजच्या जाडीत. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टला एकच क्लॅम्प दाबून धरतो. जुना ॲल्युमिनियमचा इनटेक आणि नवे हेडर यांची जाडी सारखी नसेल तर क्लॅम्प एकावरच बसतो, दुसरं पॅकिंग हवा ओढतं आणि आपण महिनाभर कार्बोरेटरला शिव्या देतो. आधी व्हर्नियरने मोज. फरक असेल तर मशीन शॉपमधून लेव्हल करून घे, किंवा पायरीचे वॉशर बनव. इनटेकच्या पोर्टमध्ये बसणाऱ्या लोखंडी रिंगाही टाक, त्या नसल्या तर मॅनिफोल्ड घसरतो. स्वॅप मीटच्या मालाचा वाकडेपणा बघायला स्ट्रेट एज आणि फिलर गेज फिरव, बोल्टच्या कानाजवळ वेल्डिंगच्या खुणा बघ. पॉलिश जितकं जास्त तितका संशय जास्त.

आणखी एक. मूळचा इनटेक एक्झॉस्टवर बसून शेकतो. हेडर लावलेस की ती ऊब गेली. जानेवारीच्या सकाळी पेट्रोल थेंब होऊन तळाला बसेल आणि गाडी चढावर मिस मारेल. हीटरच्या पाण्याची एक फेरी इनटेकखालून फिरव. दोन रॉचेस्टर कार्बोरेटर लावशील तर जेट (पेट्रोलचं भोक) लहान कर, मोठ्या जेटची दोन तोंडं मिळून प्लग काळे करतात. दोन्हींचा ओढा सारखा करायला युनिसिन नावाचं मापयंत्र मिळतं, मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावून करतो.

प्रश्न: टोरांटोहून विचारतोय. माझ्या २३५साठी वेन कंपनीचं बारा पोर्टचं जुनं हेड मिळतंय. घेऊ का?

उत्तर: रस्त्यावर चालवायला? नको. शेव्हरोलेच्या मूळ हेडला इनटेकची तीन आणि एक्झॉस्टची चार तोंडं, शेजारचे सिलिंडर एकमेकांच्या ताटात जेवतात. वेन हॉर्निंगने प्रत्येकाला वेगळं ताट दिलं, त्याची कर्तबगारी मोठीच. पण त्या हेडला साजेसे पिस्टन, कॅम, मॅनिफोल्ड सगळं वेगळं लागतं, आणि ते वेगाचे विक्रम करतात त्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर शोभतं. १९५३च्या कॉर्व्हेटने मूळच्याच सात तोंडांच्या हेडवर, तीन कार्टर कार्बोरेटर लावून १५० हॉर्सपॉवर काढले होते. तिथपर्यंत पोचलास की पुन्हा पत्र लिही.

प्रश्न: सांगलीत वडिलांची जुनी डॉज आहे, कुर्ल्याच्या प्रीमिअरने जोडलेली, सहा सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह. घाटात तापते. मेकॅनिक म्हणतात हेड घासून घ्या, पिकअप वाढेल. की अमेरिकेतून ॲल्युमिनियमचं हेड मागवावं?

उत्तर: साहेब, माझे वडील शिवडीच्या जनरल मोटर्समध्ये फिटर होते, १९५४ला तो कारखाना बंद होईपर्यंत. त्यामुळे आमच्या घरी डॉजचं कौतुक बेताचंच. तरी हे इंजिन तेलाच्या बाबतीत २१६पेक्षा शहाणं, रॉडना दाबाचं तेल देणारं, हे मान्य करतो.

तापणाऱ्या इंजिनाचं हेड घासू नका, काँप्रेशन वाढलं की ते आणखी तापेल. वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकमध्ये एक लांब पत्र्याची नळी आत सरकवलेली असते. तिच्या फटींतून गार पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी जातं. ती गंजली की पुढच्या सिलिंडरांना पाणी, मागच्यांना वाफ. रेडिएटर आणि पंप उतरवून तारेचा आकडा करून ती ओढून काढावी लागते, सरळ येईल अशी अपेक्षा ठेवू नका. बदलीची नळी पितळी किंवा स्टेनलेसची मिळते.

हेड मागवायचंच झालं तर आधी जुन्या हेडची लांबी टेपने मोजा. या इंजिनांचे दोन ब्लॉक आहेत, लोक त्यांना २३ इंची आणि २५ इंची म्हणतात. एकाचं हेड दुसऱ्यावर बसत नाही, आणि जहाजाचं भाडं परत मिळत नाही. घासायचंच असेल तर व्हॉल्व्हवर मऊ मातीचा गोळा ठेवून, हेड दाबून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून उरलेली जागा बघा. इथे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये उठतात.

पण आधी नळी. ती बाहेर आली की फोटो पाठवा. तुकडे झाले तर तुकड्यांचा.