पगार वाढवला तरी पोरं का टिकत नाहीत?

"मॅडम, पगार वाढवला, बोनस वेळेवर दिला, तरी पोरं टिकत नाहीत, मन लावून करत नाहीत, आता अजून काय करू?" नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडनं माझ्याकडे सल्ल्याला कोणी आलं की हा प्रश्न ठरलेला असतो.

हे अंबड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचे सुपरवायझर (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). फर्स्ट शिफ्ट करून थेट आले, हाताला अजून कूलंटचा वास. सहा महिन्यांत चार ऑपरेटर गेले होते, त्यातला एक तर यांनी हाताला धरून सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) शिकवलेला, त्याने राजीनाम्यात नुसतं "घरगुती कारण" लिहिलं, ते यांना फार लागलं होतं.

मी म्हटलं, दादा, त्याच्याशी शेवटी काय बोलणं झालं ते आठवून सांगा. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, तो दोनदा सांगायला आला होता की फिक्श्चर (मशीनवर जॉब घट्ट धरून ठेवणारी पकड) ढिलं होतंय, जॉबची साईज हलतेय, मी म्हणलं बघू, आणि मग डिस्पॅचच्या गडबडीत राहूनच गेलं. नंतर रिजेक्शन निघालं, म्हणजे माल नापास झाला, तेव्हा सगळ्या लाईनसमोर त्यालाच झापलं.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली कामावरच्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: जीव लागलाय म्हणून राहणं, सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहणं, आणि राहायलाच हवं असं मनातनं वाटतं म्हणून राहणं. पगाराने मुख्यतः दुसरा प्रकार धरून ठेवता येतो, पण समोरच्या गेटवर दोन हजार जास्त मिळाले की तो सुटतो. जीव लागायला माणसाला आपलं कोणीतरी ऐकतंय हे दिसावं लागतं, असं मला इतक्या वर्षांत अगदी ठामपणे वाटायला लागलंय.

त्यांना एकच काम दिलं, "बघू" बंद. कोणी काही सांगितलं की खिशातल्या डायरीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आत उत्तर द्यायचं, हो किंवा नाही, आणि का ते. चुकलं तर बाजूला घेऊन बोलायचं. "नाही म्हणलं तर नाराज होतील ना?" होतील, पण कारण कळलं तर पुढच्या वेळी परत सांगायला येतील.

तीन आठवड्यांनी आले तेव्हा डायरीची सात पानं भरली होती. त्या गेलेल्या मुलाला फोन करून माफीही मागितली होती, तो काही परत येणार नव्हता, नवीन ठिकाणी बरं चाललंय म्हणाला. फक्त एवढं विचारलं त्याने, "साहेब, ते फिक्श्चर बदललं का?"

बदललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बदललं आणि त्याला तसा फोटो पाठवला.