गेम कन्सोल चालण्यात कमी किंमत जास्त महत्त्वाची की काहीतरी धाडसी करून बघणं?

दोन्ही लागतं, पण मला विचाराल तर खरा मुद्दा असा आहे की कंपनीने जी रिस्क घेतली तिचे पैसे कोणाच्या खिशातून जातायत.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडोचा वी हे दोन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीनं, दोन दिवसांच्या अंतराने आले. सोनीने ब्लू-रे डिस्कचा प्लेअर आणि सेल नावाचा नवाकोरा प्रोसेसर असं दोन्ही एकदम टाकलं, आणि खर्चापेक्षा कमीत विकूनसुद्धा किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर झाली. म्हणजे सोनीचा तोटा झालाच आणि वर गिऱ्हाईकालाही चाट. निन्टेंडोने उलटं केलं, आतलं हार्डवेअर बरंचसं त्यांच्या जुन्या गेमक्यूब कन्सोलच्याच वळणाचं, एचडी नाही, पण रिमोट असा बनवला की हात हलवून खेळता येतं, आणि किंमत २५० डॉलर. धाडस मोठंच होतं कारण लोकांना हे आवडलं नसतं तर सगळंच बुडालं असतं, पण गिऱ्हाईकाला त्यासाठी जास्त मोजावे लागत नव्हते. माझ्या मावशीने जन्मात कधी गेम खेळला नव्हता, तिच्या हातात रिमोट दिला, बॉलिंगचा गेम लावला आणि सांगितलं की खालचं बटण दाबून धर, हात मागे ने, पुढे आणताना सोड, तिसऱ्या बॉलला तिने सगळ्या पिना पाडल्या आणि मग रिमोट परत द्यायलाच तयार नाही. अशा लोकांना ५९९ डॉलरचं मशीन कोणी विकूच शकलं नसतं. वी १० कोटींच्या वर खपला, प्लेस्टेशन ३ सुद्धा पुढे सावरला पण किंमत २९९ वर आणल्यावर.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते निन्टेंडोच्याच थ्रीडीएसचं उदाहरण. २०११ मध्ये चष्म्याशिवाय थ्रीडी दिसणारा, हातात धरून खेळायचा हा कन्सोल २५० डॉलरला आणला आणि विक्री थंड. सहा महिनेही झाले नव्हते तर किंमत सरळ १७० वर आणली, कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला आणि ज्यांनी आधी जास्त पैसे देऊन घेतला होता त्यांना २० जुने गेम फुकट दिले. चूक आपली आहे तर भरपाई पण आपणच करायची, हे मला खरंच मोठं वाटतं. पुढे तो साडेसात कोटींच्या आसपास गेला.

पण नुसतं स्वस्त आणि धाडसी असूनही बुडालेला आहेच, सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट. अमेरिकेत १९९९ मध्ये आला, १९९ डॉलर, आत मोडेम बसवलेला, त्या काळात घरबसल्या ऑनलाइन खेळा म्हणत होते! तरी २००१ मध्ये बंद. त्याआधी १९९५ च्या मे महिन्यात सेगाने आपला आधीचा कन्सोल सॅटर्न अमेरिकेत ठरल्यापेक्षा चार महिने आधीच अचानक काढला, ३९९ डॉलरला, तोही ठराविक दुकानांनाच दिला, बाकीचे दुकानदार चिडले, गेम बनवणाऱ्यांचे गेम तयार नव्हते. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस स्टेजवर गेले, प्लेस्टेशनची किंमत '२९९' एवढंच बोलले आणि खाली उतरले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो तसं झालं, ड्रीमकास्ट कितीही चांगला असला तरी सेगावर भरवसा कमी झाला होता आणि समोर डीव्हीडी चालवणारा प्लेस्टेशन २ येतोय हे सगळ्यांना माहीत होतं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या कंपनीने तर त्याच्यासाठी एकही गेम काढला नाही.